पुन्हा तीच आवर्तनं

१९७९ च्या शरदात न्यू यॉर्कमधल्या सेंट जॉन द डिव्हाइन या अवाढव्य कॅथीड्रलमध्ये दलाई लामांचं जाहीर भाषण व्हायचं होतं. अमेरिकेची त्यांची ती पहिलीच भेट. ते नेमके किती वाजता येतील हे सांगता येत नव्हतं, आणि ते येईपर्यंत हजारोंचा समुदाय शांत ठेवायचा होता. हे काम फिलिप ग्लास या संगीतकाराकडे आलं. त्यांनी ऑर्गनसाठी अशी रचना बांधली की ती हवी तितकी लांबवता यावी आणि पाहुणे दिसले की आटोपताही यावी. ओळी मोजक्याच, फिरून फिरून येणाऱ्या. एक भाग शांत, संथ, दुसरा खवळलेला. तिबेटी बौद्ध परंपरेतल्या शांत आणि उग्र देवतांची ही लीला आहे, असं ग्लास यांनी पुढे तिच्याबद्दल सांगितलं. ‘मॅड रश’ हे तिचं नाव. आता ती बहुतेक वेळा पियानोवरच ऐकू येते.

जी रचना किती वेळ चालावी हेच ठरलेलं नव्हतं, ती ध्वनिमुद्रित करायची तर किती मिनिटांची करायची? १९८९ च्या ‘सोलो पियानो’ या तबकडीसाठी ग्लास यांनी ती स्वतः वाजवली, तेव्हा सुमारे चौदा मिनिटांत संपवली. त्यानंतर कितीतरी पियानोवादकांनी ती वाजवली. कुणी सावकाश, कुणी घाईनं. कुणी शांत भाग इतका हलका ठेवला की कान टवकारावे लागतात, कुणी उग्र भागात सगळा पियानो हलवून सोडला. स्वर तेच, क्रमही तोच. तरीही ज्यानं जे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकलं, त्याला तेच खरं वाटतं आणि बाकीची चुकलेली वाटतात. गेली काही वर्षं मी मोजक्या स्वरांच्या या पियानोसंगीताची, म्हणजे ज्याला मिनिमलिस्ट म्हणतात त्याची, वेगवेगळी ध्वनिमुद्रणं जमवते आहे आणि भेटेल त्याला ऐकवते आहे. इतक्या थोड्या ऐवजावर ऐकणाऱ्यांमध्ये इतकी मतांतरं मी दुसऱ्या कुठल्या संगीतात पाहिलेली नाहीत.

सुरुवात घरातूनच झाली. ग्लास यांची ‘मेटॅमॉर्फॉसिस’ ही पाच भागांची मालिका लावली होती. आईचं आयुष्य हिराबाई बडोदेकरांच्या गाण्यावर पोसलेलं. पहिला भाग अर्धा झाल्यावर तिनं विचारलं, “अस्ताईच चाललीय गं, अंतरा कधी?” भाचा म्हणाला, “आजी, अंतरा नाहीच यात.” तो याच संगीतावर रात्र-रात्र अभ्यास करतो. तळमजल्यावरचे काका तबला वाजवतात. त्यांना मी ‘ओपनिंग’ ऐकवलं. तिथे डावा हात दोन-दोन मात्रांत चालतो, उजवा त्याच वेळात तीन-तीन स्वर टाकतो. काकांनी मांडीवर ठेका धरला आणि लगेच ओळखलं, “आड आहे ही.” पण पाच मिनिटांनी अस्वस्थ झाले. “सम कुठंय? समेवर येतच नाही हा माणूस.”

काकांची तक्रार मला महत्त्वाची वाटते, कारण या संगीताच्या जन्माशी एका तबलजीचाच संबंध आहे. पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे शिकत असताना तरुण ग्लास यांना ‘चापाक्वा’ या चित्रपटाच्या संगीताचं काम मिळालं. संगीत पंडित रविशंकरांचं, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. पाश्चात्त्य वादकांना वाजवता यावं म्हणून ते स्वरलिपीत उतरवून द्यायचं, एवढंच ग्लास यांचं काम. ते सवयीप्रमाणे मात्रांच्या गटांभोवती उभ्या रेघा मारत गेले. रेघ आली की तिच्या पुढच्या स्वरावर वजन पडतं. अल्लारखाँ प्रत्येक वेळी मान हलवत, चुकतंय म्हणत, सगळे स्वर सारखे आहेत असं सांगत राहिले. शेवटी ग्लास यांनी रेघाच खोडून टाकल्या. मग कागदावर दोन-तीनच्या गटांची एक न तुटणारी ओळ राहिली आणि तिच्यात आवर्तन दिसायला लागलं. ही हकिकत ग्लास यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. पुढे न्यू यॉर्कमध्ये ते अल्लारखाँसाहेबांकडे तबलाही शिकले. ज्यांचं घर मुंबईत होतं आणि ज्यांना आपण रविशंकरांच्या साथीला, पुढे मुलाबरोबर, इतकी वर्षं ऐकलं, त्यांचा तो एक आक्षेप अमेरिकेच्या संगीताला एवढ्या दूर घेऊन गेला, हे मला आजही थक्क करतं.

पण सगळे स्वर सारखे, याचा अर्थ वाजवणाऱ्यानं काय घ्यायचा? ध्वनिमुद्रणांवरून चालणाऱ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं. एका पक्षाचं म्हणणं असं, की सारखे म्हणजे खरोखर सारखे. हात निर्विकार ठेवा, भाव रचनेतून आपोआप येईल. दुसरा पक्ष म्हणतो, तीच ओळ आठव्यांदा येते तेव्हा ती पहिल्यासारखी वाजूच शकत नाही, कारण आधीच्या सात वेळा ऐकणाऱ्याच्या कानात जमा झालेल्या असतात.

ग्लास यांचे वीस ‘एत्यूद’ म्हणजे या वादाचा आखाडा. १९९१ ते २०१२ एवढ्या काळात ते लिहिले गेले. पहिले दहा लिहिताना स्वतःचा हात सुधारावा हाही त्यांचा हेतू होता, असं ते मोकळेपणानं सांगतात. हे पहिले दहा त्यांनी २००३ मध्ये स्वतः वाजवून प्रसिद्ध केले. पुढे माकी नामेकावा या जपानी पियानोवादिकेचे संपूर्ण वीस २०१४ मध्ये आले. ग्लास ऐंशी वर्षांचे झाले त्या जानेवारी २०१७ मध्ये आइसलंडच्या वीकिंगूर ओलाफसन यांनी त्यांतले निवडक एत्यूद डॉइच ग्रामोफोनसाठी वाजवले. तिन्ही ध्वनिमुद्रणं एकामागोमाग ऐकली तर तीन वेगवेगळी घरं बघून आल्यासारखं वाटतं.

सहावा एत्यूद घ्या. उजव्या हातात एकच स्वर घाईनं परत परत ठोकला जातो, आणि खालून हार्मनी सरकत राहते. नामेकावा यांच्या वादनात त्या ठोक्यांना धार आहे. प्रत्येक स्वर सुटा, टोकदार, लय ताठ. ओलाफसन यांच्याकडे तोच स्वर मोत्यासारखा गोल होतो, पेडलच्या धुक्यात विरतो, आणि आवाजाची चढउतार फार मोठी. रचनेत पुनरावृत्ती दिसते ती वरवरची, वाट सर्पिल जिन्यासारखी वर चढते, असं त्यांचं प्रतिपादन आहे, आणि ते वादनात उतरलेलं आहे. माझ्या ओळखीतले निम्मे लोक यावर जीव टाकतात. उरलेल्या निम्म्यांना वाटतं की हे फार सुंदर केलंय, शोपँची शाल पांघरल्यासारखं, आणि त्यात मूळ खडबडीतपणा हरवला. भाचा पहिल्या गटात. काका, ज्यांना ग्लासचं नावही माहीत नव्हतं, त्यांनी नामेकावांना मान डोलावली: “हिची बोटं स्वच्छ आहेत.”

माझं मत दोघांहून वेगळं आहे. मला ग्लास यांचा स्वतःचा हात हवा असतो. तो तरबेज हात नाही, हे कुणालाही ऐकू येतं. डावा कधी जड पडतो, द्रुत जागी स्वर एकमेकांना खेटतात, ओळीच्या शेवटी लय किंचित ढिली पडते. पण ढिली पडण्याच्या जागा ठरलेल्या नाहीत. माणूस बोलता बोलता श्वास घेतो तशा त्या येतात. ‘मेटॅमॉर्फॉसिस’मध्ये तर ही गोष्ट फारच जाणवते. ज्यांच्या नावानं यंत्रासारखं संगीत म्हणून बोट दाखवलं जातं, तेच स्वतः वाजवताना सर्वांत कमी यंत्रासारखे वाजवतात. उतारवयात गवयाचा आवाज फाटतो, तरी जागा कशी घ्यायची हे त्याच्याकडूनच कळतं. त्या जातीचं हे ऐकणं आहे.

आता लयीबद्दल. आपल्याकडे ग्वाल्हेरचा विलंबित आणि किराण्याचा विलंबित यांवरून किती मैफिली रंगल्या आणि किती बिघडल्या, हे सांगायला नको. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराच्या तीन ‘जिम्नोपेदी’ १८८८ मधल्या. या संगीताचे पणजोबाच म्हणायचे. पहिलीवर साती यांनी लिहून ठेवलं आहे: सावकाश आणि वेदनेनं. किती सावकाश? आल्दो चिकोलिनी यांच्या ध्वनिमुद्रणात ती चालत जाते, जरा डोलत. रेनबर्ट द लेऊ या डच वादकानं १९७० च्या दशकात ती वाजवली तेव्हा लय इतकी उतरवली की एका स्वरानंतर दुसरा येणार की नाही असं वाटावं. या वादनाला कुणी साधना म्हणतं, कुणी पोझ. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मधूनच बंद केलं होतं. स्वरांची ओळ तुटते, गाणं राहत नाही, असं मला वाटलं. मग एकदा आईला ऐकवलं. ती काही न बोलता शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली, “हा स्वर सोडत नाही. विझेपर्यंत बघतो.” तेव्हापासून मीही तसंच ऐकते. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो, त्याला गळ्यासारखं धरून ठेवता येत नाही. द लेऊ त्या मरण्याला पूर्ण वेळ देतात. चिकोलिनी चुकीचे ठरत नाहीत, पण आता मला ते घाईत वाटतात.

याच साती यांनी ‘व्हेक्सासिओं’ नावाची एक पानभरही नसलेली ओळ लिहिली आणि ती ८४० वेळा वाजवण्याबद्दल एक टीप जोडली. संगीतकार जॉन केज यांनी ९ सप्टेंबर १९६३ च्या संध्याकाळी न्यू यॉर्कच्या पॉकेट थिएटरमध्ये ती खरोखर वाजवून घेतली, आळीपाळीनं बसणाऱ्या पियानोवादकांकडून. १८ तास ४० मिनिटं लागली. तिकीट पाच डॉलर, आणि दर वीस मिनिटं बसल्याबद्दल पाच सेंट परत. न्यू यॉर्क टाइम्सनं समीक्षकांची अख्खी तुकडी पाळीपाळीनं बसवली होती. अथपासून इतिपर्यंत बसलेला श्रोता एकच निघाला. पण मला साती यांची दुसरी एक हकिकत अधिक जवळची वाटते. १९२० मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात त्यांनी ‘फर्निचरसारखं संगीत’ सादर केलं. लोकांनी ते ऐकायचं नाही, गप्पा मारायच्या, फिरायचं, अशी सूचना होती. वाजायला लागल्यावर लोक गप्प झाले आणि जागेवर बसून ऐकू लागले. साती त्यांच्यात फिरून बोला, चाला म्हणून विनवत होते. कुणी ऐकलं नाही, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं.

आज उलट होतं. याच वळणाचं पुष्कळसं पियानोसंगीत झोप लागावी म्हणून, एकाग्रता व्हावी म्हणून लावलं जातं. त्यात वाईट काही नाही. भाच्याची एक परीक्षा त्यावरच पार पडली. पण मग ध्वनिमुद्रणाबद्दलचं मत तिथेच वेगळं होतं. ज्याला पार्श्वभूमी हवी त्याला सपाट आवाज बरा, ज्याला बैठक मारून ऐकायचं त्याला चढउतार हवी. ग्लास यांना हे आधीच उमगलं असावं. १९८२ च्या ‘ग्लासवर्क्स’चं, ज्यात मायकल रीझमन यांनी वाजवलेलं ते ‘ओपनिंग’ आहे, कॅसेटसाठी वेगळं मिश्रण केलं होतं, वॉकमन कानाला लावून फिरणाऱ्यांसाठी. एकाच साली एकच संगीत दोन प्रकारे ऐकलं गेलं, आणि दोन्हीही अधिकृत.

कशावर ऐकता यावरून वाद कसा उभा राहतो, याचा धडा मला विल्यम डकवर्थ यांच्या ‘टाइम कर्व्ह प्रिल्यूड्स’नं दिला. १९७७-७८ मधल्या या चोवीस छोट्या रचना. प्रत्येकीआधी पियानोच्या खालच्या सप्तकातल्या काही पट्ट्या वजनं ठेवून दाबून ठेवायच्या. त्या तारा कुणी वाजवत नाही, पण वरचे स्वर वाजले की त्या आपोआप गुणगुणतात. सतारीच्या तरफेसारख्याच. एका मैत्रिणीला मी हे मोठ्या कौतुकानं पाठवलं. तिला त्यात काहीच सापडलं नाही, कोरडं वाटलं. दोन-तीन निरोप जरा चिडीचे झाले. मग कळलं, तिनं मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकलं होतं, आणि त्यातून तरफ पार गळून गेली होती. चांगल्या हेडफोनवर ऐकून तिनं मत बदललं नाही, पण वाद आता संगीताबद्दल झाला. तिला तरफ ऐकू आली आणि तरीही नको वाटली.

याच्या उलट टोकाला जर्मनीचे निल्स फ्राम. २०११ चा त्यांचा ‘फेल्ट’ हा अल्बम. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी तारांवर जाड नमद्याचा थर टाकला आणि मायक्रोफोन पियानोच्या पोटात नेऊन ठेवले. त्यामुळे हातोड्यांची खुटखुट, लाकडाची कुरकुर, वाजवणाऱ्याचा श्वास, सगळं ध्वनिमुद्रणात आलं. कुणी म्हणतं हा गोंगाट आहे, स्वर मागे आणि सुतारकाम पुढे. मला त्या खुटखुटीत पेटीच्या भात्याची आठवण होते. लहानपणी माजघरातून आधी भात्याचा आवाज यायचा, मग स्वर.

शेवटी एका अशा ध्वनिमुद्रणाबद्दल, जे ऐकलेले लोकच थोडे आहेत. ला माँट यंग यांचं ‘द वेल-ट्यून्ड पियानो’. १९६४ पासून ते ही रचना वाढवत राहिले. २५ ऑक्टोबर १९८१ चं तिचं वादन १९८७ मध्ये तबकड्यांवर आलं. लांबी पाच तास. पियानो आहे, पण नेहमीच्या सुरांत लावलेला नाही. आपल्याला पेटीचा आणि पियानोचा दोष माहीत आहे: सप्तकाचे बारा सारखे तुकडे केल्यामुळे शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर सेंट) चढा लागतो. याच कारणासाठी गवई पेटीशी भांडत आले, आणि १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. यंग यांनी पियानोच्या तारा नैसर्गिक प्रमाणांत लावून घेतल्या. पण एक अजब निर्णय घेतला: पाचव्या स्वरांशाची सगळी प्रमाणं वगळली. म्हणजे जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, तो या रचनेच्या सुरावटीत मुद्दाम नाही. त्याऐवजी सातव्या स्वरांशाचा निषाद आहे, पियानोवरच्या कोमल निषादाहूनही सुमारे ३१ सेंट खाली.

यंग १९७० पासून पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. प्राणनाथ हे किराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. अतिविलंबित लयीत एकेका स्वराचा ठाव घेत, बढत करत जाणारी ती गायकी. आणि वहीद खाँसाहेबांकडेच हिराबाई शिकल्या. रचना प्राणनाथ भेटण्याआधीच सुरू झाली होती, तेव्हा तिचं सगळं श्रेय किराण्याला देता येणार नाही. पण १९८१ च्या त्या पाच तासांत जो धीर आहे, एका स्वरसमूहात शिरून तिथून न हलण्याची जी तयारी आहे, ती यंग यांनी अकरा वर्षं तंबोऱ्याजवळ बसल्याशिवाय अशी आली असती, असं मला वाटत नाही.

हे ध्वनिमुद्रण सहज मिळत नाही. एका स्नेह्यांकडे संच होता, तो त्यांनी विश्वासानं दिला. रविवारी दुपारी लावला. भाचा दहा मिनिटांत उठला. “पियानो बेसूर लागलाय, आत्या. ट्यूनिंग उतरलंय.” त्याचा कान चुकत नव्हता, लहानपणापासून त्यानं की-बोर्डच ऐकला आहे. काका थांबले, पण ठेका धरायला काही सापडेना म्हणून बोटं मांडीवर नुसती ठेवून. आईला मी प्राणनाथांचं, वहीद खाँसाहेबांचं नातं मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. अर्धा तास झाला. स्वरांचा एक ढग दाटत गेला, इतका, की सुट्या पट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या आणि त्यावर दुसरंच काहीतरी, कुणीच न वाजवलेलं, गुंजायला लागलं. आईनं डोळे मिटलेलेच ठेवून तळहात जरासा खाली नेला, शिष्येला दाखवावा तसा.

“निषाद उतरलाय,” ती म्हणाली. “किती खाली घेतलाय बघ.”

भाच्यानं दारातून सांगितलं, “तेच म्हणतोय मी, आजी.”

आईनं त्याला हातानंच गप्प बस म्हणून खुणावलं. पहिली तबकडी संपायला अजून वेळ होता.